हिंडवेकाकांचं पोर्ट्समथ

हिंडवेकाका परीक्षेला आलेल्या माणसाची पुस्तकं काढून घेत. विचारून नव्हे, सरळ बॅगेत हात घालून. तुम्ही दारात बूट काढताय, काकू "ये गं, ट्रेनला गर्दी होती का?" विचारतायत, आणि तेवढ्यात काका तुमच्या नोट्स, आयपॅड, झालंच तर स्टेथोस्कोपसुद्धा उचलून जिन्याखालच्या कपाटात टाकणार आणि वर कुलूप लावणार. "उद्या दिवसभर आपण हिंडायचं. हे सगळं परवा सकाळी मिळेल." मग तुम्ही रडा, चिडा, घरी फोन लावा, काही उपयोग नाही. माझ्या आधी आलेल्या एका मुलाने म्हणे ते कुलूप तोडायचा घाट घातला होता. काकांनी त्याला स्वतः स्क्रू-ड्रायव्हर आणून दिला आणि तो कसा धरायचा हेही शेजारी उभं राहून शिकवलं. बिचाऱ्याला इतकी लाज वाटली की तो मुकाट्याने जेवायला बसला.

त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं. पण लेस्टरपासून पिनरपर्यंत पसरलेल्या आम्हा मराठी डॉक्टरांत ते हिंडवेकाकाच. कुणाचं परीक्षेचं सेंटर इंग्लंडच्या साउथ कोस्टला आलं की दुसरा कुणीतरी लगेच विचारणार, "काकांना कळवलंस का?" पोर्ट्समथला जाऊन हॉटेलात उतरणं म्हणजे काकूंचा धडधडीत अपमान. काका स्वतः म्हाताऱ्या माणसांचे डॉक्टर. कन्सल्टंट म्हणून तिथूनच रिटायर झालेले, मुलगी अनघा लंडनमध्ये ईलिंगला तिच्या संसारात, आणि पोर्ट्समथच्याच साउथसी भागातल्या त्या घरात हे दोघंच. त्यामुळे घरात वर्षभर कुणी ना कुणी घाबरलेला डॉक्टर पाहुणा असायचाच.

"परीक्षेच्या आदल्या दिवशी तुमचं डोकं भरलेलं असतं आणि पोट रिकामं," ते म्हणत. "उलटं करून घ्या, पास व्हाल."

आता असा गावभर हिंडवणारा माणूस म्हटला की गावाची खडान्‌खडा माहिती सांगेल, असं आपल्याला वाटतं. छे! काकांना पोर्ट्समथचा इतिहास औषधालाही येत नव्हता. गोदीतल्या त्या सुप्रसिद्ध लाकडी लढाऊ जहाजासमोर मला उभं करून ते म्हणाले, "हे फार जुनं आहे." संपला इतिहास. मग मला जहाजाकडे पाठ करायला लावली. "जहाज कुठे पळून जात नाही. ती बाई बघ, हिरव्या कोटातली. पायरी चढताना पहिला पाय कुठला टाकते? नेहमी तोच का टाकते?" स्पिनेकर टॉवरच्या वरच्या मजल्यावर लोक बंदराचे फोटो काढत होते, आणि काका मला एका आजोबांची नखं बघायला सांगत होते. शहर हा त्यांच्या लेखी एक मोठा वॉर्ड होता, फक्त तिथे पेशंटांना आपण पेशंट आहोत हे ठाऊक नव्हतं.

खाण्याच्या बाबतीत मात्र ते इतिहासासकट सगळं सांगत. कुठल्या कॅफेतला शेफ बदलला, कुठल्या बेकरीतला तुर्की पाव सकाळचाच खावा, अल्बर्ट रोडवरच्या केरळी बाईंच्या मसाला डोशात बटाटा कधी कमी पडतो. नाक असं तिखट, की बस स्टॉपवरून सांगत, आज चिपवाल्याने तेल बदललेलं नाही. आणि हे नुसतं आपल्याला नव्हे, थेट दुकानदाराला सांगत. "युअर सूप इज टायर्ड टुडे, माय डिअर." पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटावं, आता मारामारी होते. पण दुकानदार हात पुसत आतून बाहेर यायचे आणि काय बिघडलं ते विचारायचे. "लव्हली लव्हली म्हणणारं गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही," काका मला म्हणाले. "मी फिरकतो. म्हणून माझं ऐकतात."

हे त्यांनी मला मुद्दाम सांगितलं, कारण माझं दुखणं नेमकं तेच होतं. ती परीक्षा मी आधी दोन-तीनदा दिलेली होती आणि दरवेळी एकाच ठिकाणी आपटले होते. हृदयाचे ठोके ऐका, पोट तपासा, मज्जासंस्था तपासा, सगळीकडे चांगले मार्क. पण एका खोलीत पेशंटचं काम करणारा नट बसवलेला असतो आणि त्याला वाईट बातमी सांगायची असते. तिथे माझी दातखीळ बसायची. मी सोलापूरला शिकले. तिथे आमच्या मोठ्या सरांनी आम्हाला काय शिकवलं? पेशंटसमोर "काही नाही, बरे व्हाल" म्हणायचं आणि नातेवाइकाला दाराबाहेर नेऊन खरं सांगायचं. पेशंटच्या तोंडावर कॅन्सर म्हणणारा डॉक्टर म्हणजे कसाई. हे माझ्या हाडीमाशी भिनलेलं. मागच्या खेपेला त्या नटाला फुप्फुसाचा कॅन्सर होता, आणि मी त्याला इतक्या प्रेमाने "थोडीशी गाठ आहे, आपण बघू" म्हणाले, की तो परीक्षकांसमोर "थँक गॉड" म्हणून हसत उठला. फीडबॅकमध्ये एवढंच होतं, की आपल्याला नक्की काय झालंय हे पेशंटला शेवटपर्यंत कळलं नाही.

या वेळी परीक्षा गेली असती तर सगळंच संपलं असतं. माझं कॉन्ट्रॅक्ट त्या परीक्षेवर अडलं होतं आणि व्हिसा कॉन्ट्रॅक्टवर. लेस्टरला नवरा नुकता नोकरीला लागला होता, मुलगी शाळेच्या पहिल्या, रिसेप्शनच्या वर्गात रमली होती. नवरा फोनवर नुसता "जेवलीस का?" विचारायचा, आणि त्याला खरं काय विचारायचंय ते मला कळायचं. एवढं सगळं डोक्यावर घेऊन मी काकांकडे गेले होते.

हिंडायच्या दिवशी सकाळी काका वर कपडे करत होते आणि काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. थालीपीठ पुढ्यात ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, "तुझ्याशी तरी हसून बोलतायत का गं?"

"कोण, काका? हो की. म्हणजे बोलतायत."

"मी हसून म्हणाले." काकूंनी तव्यावरचं थालीपीठ उगाचच दाबलं. "कित्येक दिवसांत माझ्याकडे बघून हसलेले नाहीत. नुसते रोखून बघतात. माझं काही चुकलं असेल तर सांगावं माणसाने! विचारलं की म्हणतात, काही नाही. या वयात आता मी कुणाला विचारायला जाऊ?"

मी "काहीतरी टेन्शन असेल हो, काकू" असं पुटपुटले आणि खाली मान घालून खाऊ लागले. नवरा-बायकोचं काहीतरी असेल, आपण कशाला मध्ये पडा. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेशिवाय काही शिरतच नव्हतं.

गोदी आणि टॉवर उरकून आम्ही जुन्या पोर्ट्समथला आलो. तिथे समुद्राला लागून जुनी तटबंदी आहे, तिच्या कमानींत चित्रकारांची दुकानं आणि एक कॅफे. वारा असा, की डोळ्यांतून पाणी यावं. काकांनी माझ्यासाठी लीक-बटाट्याचं सूप मागवलं. ते आलं ते गार. कोमटसुद्धा नाही, चक्क गार.

"गार आहे ना?" काकांनी विचारलं.

"चालेल हो, काका."

"चालेल का ते नाही विचारलं. तिला सांग. गार आहे, गरम करून दे. दोन वाक्यं आहेत."

वेट्रेस आली. गोड पोरगी, दमलेली. "एव्रीथिंग ओके?" काका माझ्याकडे बघतायत. आणि माझ्या तोंडून निघालं, "इट्स लव्हली, थँक यू." ती गेली. मी ते गार सूप शेवटच्या चमच्यापर्यंत संपवलं. काकांच्या चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही. मला वाटलं, झालं, आता भडकणार. पण ते फक्त बारीक आवाजात म्हणाले, "त्या पोरीचं मन राखलंस. उद्या पेशंटचंही राख आणि लेस्टरला जाऊन बॅग भर." असं झोंबलं म्हणून सांगू! मला त्यांचा इतका राग आला की मी त्यांच्या पुढेच चालायला लागले.

काही पावलांनी वळून बघितलं तर ते बरेच मागे राहिले होते. ते झपझप चालतात असं सगळ्यांकडून ऐकलेलं. मी थांबले आणि त्यांची वाट बघत त्यांच्याकडे बघत राहिले. दिवसभर त्यांनीच तर लोकांकडे बघायला लावलं होतं, डोळ्यांना तेच वळण लागलं होतं. त्यांचा उजवा हात चालण्याबरोबर हलत होता. डावा हलत नव्हता, नुसता अंगाला चिकटून होता. मग त्यांनी तो खिशात घातला. पावलं तोकडी, फरशीला घासत येणारी. मी स्वतःला म्हटलं, वारा आहे, वय आहे. गप बस.

पुढे चिपवाल्याच्या दुकानाशी आलो. तेल इतकं जळलेलं, की रस्त्याच्या पलीकडूनच माझ्या घशात खवखव झाली. काका दारात थांबले, नाक वर केलं आणि म्हणाले, "वा, आज तेल ताजं आहे." ज्या नाकाच्या गोष्टी सांगून लोक हसायचे, त्या नाकाला काही लागत नव्हतं. चिपवाला गल्ल्यामागून काकांकडे ओशाळून बघत होता. रोजची बोलणी ऐकायची त्याची तयारी होती आणि ती आलीच नाहीत. आम्ही चिप्स घेतल्या. काकांना लाकडी काट्याने चिप टोचायला वेळ लागत होता आणि मी समुद्रातले दगडी किल्ले बघण्याचं नाटक करत होते.

हात, चाल, नाक, आवाज, तो न हलणारा चेहरा. मला आता परीक्षा आठवत नव्हती आणि विसरताही येत नव्हती. मोठ्या माणसाला, ज्याच्या घरचं आपण खातोय, ज्याला वाकून नमस्कार केलाय, जो स्वतः याच रोगाच्या शेकडो म्हाताऱ्यांचा डॉक्टर होता, त्याला मी सांगायचं? मी? आणि त्यांना ठाऊक नसेल कशावरून? ठाऊक असेलच. मग आपण कशाला बोला. असं मी स्वतःला समजावत गॉस्पोर्टच्या फेरीपर्यंत पोचले.

ती फेरी म्हणजे बंदर ओलांडणारी छोटी बोट. काकांच्या सहलीत ती असायचीच, कारण पलीकडच्या काठावरून पोर्ट्समथ सगळ्यात सुंदर दिसतं असं त्यांचं म्हणणं. उतरत्या पुलावरून चालत जायचं आणि एक लोखंडी पट्टी ओलांडून बोटीत पाय टाकायचा. काका त्या पट्टीशी आले आणि थांबले. पाय उचलेना. तळवे जमिनीला खिळल्यासारखे. गुडघे थरथरतायत, अंग पुढे झुकलंय, पाय जागेवर. मागे सायकलवाले, बाबागाडीवाले खोळंबलेले. बोटीवरचा माणूस ओरडला, "कम ऑन, सर!" आणि काका आणखीच ताठरले. ते आता तोंडावर पडणार असं मला दिसलं.

मी विचार केलाच नाही. त्यांच्या पावलासमोर माझं पाऊल आडवं ठेवलं आणि म्हटलं, "काका, माझ्या पायावरून ओलांडा." लगेच पाय उचलला गेला. एक, मग दुसरा. आम्ही बोटीत आलो.

ही युक्ती कुठल्या पेशंटसाठी असते ते वॉर्डात काम केलेल्या कुणालाही माहीत असतं. आणि मलाही ती वॉर्डात काकांसारख्या डॉक्टरांनीच शिकवलेली होती.

बाकावर बसल्यावर ते पाण्याकडे बघत होते. मग म्हणाले, "पाय का ठेवलास मध्ये?"

"असंच हो. माझाच पाय घसरला."

"बरं," ते म्हणाले.

पलीकडे उतरलो नाही. त्याच बोटीने परत आलो. येताना मी त्यांचा दंड धरला होता आणि आम्ही दोघंही हवेबद्दल बोलत होतो. बसने साउथसीला आलो, किल्ल्याजवळच्या बाकावर बसलो. ऊन उतरायला लागलं होतं. काकांची शेवटची पद्धत अशी, की इथे बसवून दिवसभरात काय काय पाहिलंत ते सांगायला लावायचं. मी सांगितलं. हिरव्या कोटवालीचा गुडघा, आजोबांची नखं, बसमधल्या बाईची सुजलेली मान. अगदी नीट सांगितलं.

"आणखी?"

"बस, एवढंच."

"नीट आठव."

"एवढंच, काका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने की मायेने, त्या चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. "चल घरी," ते म्हणाले, "तुझी काकू आमटी करून वाट बघत असेल." उठताना त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. मला तिथेच कळलं, की उद्याची परीक्षा आजच झाली आणि मी त्यात सपशेल नापास झाले.

घरी आल्यावर काका कोट काढायला गेले आणि मी तडक स्वयंपाकघरात. आमटी उकळत होती. मी दार लोटून घेतलं, काकूंना कोपऱ्यात घेतलं आणि कुजबुजले, "काकू, घाबरू नका. पण काकांना जरा एकदा कुणाला तरी दाखवून घ्यायला हवं. त्यांना काही बोलू नका, मी तुम्हालाच सांगते..."

दार उघडलं. काका उंबऱ्यात उभे. कोटाची बटणं अजून तशीच लागलेली, ती त्यांना निघाली नव्हती.

"नातेवाइकाला बाजूला घ्यायचं," ते म्हणाले. "छान शिकवलंय तुला. पेशंट इथे आहे, मृणाल."

त्यांनी टेबलापाशी खुर्ची ओढली आणि बसले. समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. मी बसले. काकू पळी हातात घेऊन नुसत्या आमच्याकडे बघत होत्या.

"काका, तुम्ही जरा दमल्यासारखे..."

मदत नाही, मान हलवणं नाही.

मी पहिल्यापासून सुरुवात केली. "काका, तुम्हाला काय वाटतंय, तुम्हाला काय होतंय?"

"म्हातारपण," ते म्हणाले. "तेवढंच आहे ना?"

किती सोपं होतं हो म्हणणं! 'हो' एवढंच म्हणायचं, आमटी-भात खायचा, झोपायचं. "नाही, काका," मी म्हणाले. "तेवढंच नाही. मला वाटतं, तुम्हाला पार्किन्सन्स आहे."

आणि मग सगळ्यात अवघड भाग, तोंड मिटून बसायचं. औषधं चांगली आहेत, काळजी करू नका, हल्ली खूप संशोधन चाललंय, ही सगळी वाक्यं माझ्या दातांपाशी येऊन धडकत होती. मी जीभ चावून धरली. आमटी उतू गेली. गॅस बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.

"कशावरून?" काकांनी विचारलं.

मी सांगितलं. डावा हात, चाल, बटणं, तेलाचा वास, फेरीवरचा पाय. "आणि चेहरा. या आजारात चेहऱ्याचे स्नायू हलेनासे होतात. आतून हसू आलं तरी बाहेर उमटत नाही. समोरच्याला वाटतं, माणूस चिडलाय."

पळी खाली पडली. काकू माझ्याकडे बघत होत्या, काकांकडे नाही. "म्हणजे... हे रागावले नव्हते?"

"नाही, काकू."

"माझ्यावर रागावले नव्हते?"

"नाही हो. दिसतात तसे. पण ते रागावलेले नाहीत."

काकू मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागल्या. आपल्या नवऱ्याला न बरा होणारा आजार आहे हे ऐकून एखादं माणूस इतकं सुटल्यासारखं रडेल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. "अहो, मग सांगायचं नाही का!" त्या काकांवर ओरडल्या. "रात्रंदिवस मी आपली जिवाला लावून घेतेय, माझं काय चुकलं, माझं काय चुकलं!"

"अगं, मी कसा दिसतो ते मला कुठे दिसतं?" काका म्हणाले. त्यांचा आवाज बारीक होता आणि चेहरा तसाच दगडी, पण डोळे भरून आले होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मला संशय होता. दुसऱ्या कुणाचा आजार असता तर दारातून येतानाच ओळखला असता. पण स्वतःचा आला की डॉक्टर पळून जातो आणि नुसता म्हातारा उरतो. वाटलं, येणाऱ्यांपैकी कुणीतरी सांगेल. इतके जण आले, हिंडले. सगळ्यांनी पाहिलंच असणार, मी शिकवलेले डोळे आहेत. जो तो जाताना पाया पडला आणि म्हणाला, काका, तब्येत मस्त ठेवलीय."

त्या रात्री मी गाढ झोपले. सकाळी काकांनी कपाट उघडून दिलं, मी फक्त स्टेथोस्कोप घेतला. काकूंनी हातावर दही-साखर ठेवली. परीक्षेच्या त्या खोलीत एक बाई बसली होती, नटीच हो, पण फार चांगली. तिच्या मुलाचा आजार बरा होणार नव्हता. मी खुर्ची जवळ ओढली आणि सांगितलं. मग गप्प बसले. ती रडली, मी गप्प बसले. मी पास झाले. आम्ही लेस्टरलाच राहिलो.

काकांचं निदान पुढे स्पेशालिस्टनेही तेच केलं. गोळ्या सुरू झाल्यावर काही दिवसांनी काकूंचा फोन आला, "आज हसले गं. डाव्या बाजूने थोडं कमी, पण हसले." परीक्षेची पोरं त्यानंतरही येत राहिली. काका त्यांना हिंडवत राहिले, आधी फेरी वगळून, मग टॉवर वगळून, शेवटी शेवटी नुसतं अल्बर्ट रोडवरच्या डोशापर्यंत. पण आता निघतानाच सांगायचे, "मला पार्किन्सन्स आहे. बघून घे, फुकटचा पेशंट मिळालाय." पुढे जिना जमेना, तेव्हा साउथसीचं घर सोडून दोघं ईलिंगला अनघाकडे गेले.

गेल्या वर्षी मी त्यांना भेटायला गेले, तेव्हा ते खालच्या खोलीत पलंगावर होते. गिळताना ठसका लागायचा, छातीत पुन्हापुन्हा इन्फेक्शन व्हायचं. आता हॉस्पिटल नको, असं त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं होतं. अनघा आणि काकू आलटून पालटून आत येत होत्या, उशा नीट करत होत्या, "आज बरे दिसताय हं" म्हणत होत्या. दोघी चहा करायला गेल्या तेव्हा काकांनी मला खुणेने जवळ बोलावलं. आवाज इतका खोल गेलेला, की कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागला.

"किती राहिलं?"

मी त्यांचा हात हातात घेतला. "महिने नाहीत, काका. काही आठवडे असतील. कदाचित तेवढेही नाहीत."

त्यांनी डोळे मिटले. मी गप्प बसले. मग त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. काकूला आत पाठव. तिला काही सांगायचं राहिलंय. आणि तू दार लावून घे."

मी काकूंना आत पाठवलं आणि दार ओढून घेतलं. अनघाने मला चहाचा कप दिला, आम्ही दोघी जिन्याच्या पायऱ्यांवर बसलो. बराच वेळ आतून काहीच ऐकू येत नव्हतं. चहा गार होत आला तेव्हा आतून काकूंचं हसू ऐकू आलं, एखाद्या नव्या नवरीला कुणी भर माणसांत काहीतरी म्हटल्यावर ती तोंडावर हात ठेवून हसेल तसं. काका काय बोलले, ते काकूंनी कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.